नागोरावाच्या डब्यातली देवाची मूठ

बोईसर, शनिवार

खंडेराव, "क्षमा मागून मोकळी हो" एवढं लिहायला तुला उघडं कार्डच मिळालं? पोस्टमन ते वाचत वाचत जिना चढला आणि माझ्या हातात पडायच्या आत चाळीतल्या सहा खोल्यांना कळलं की रखमाबाईने कुणाचे तरी तांदूळ उचलले. नागोरावाने तुला काय ते लिहिलं आणि ते तुला शास्त्रासारखं पटलं. जिने तुला कडेवर वागवलं तिला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही. पाळकपणातून निवृत्त झालास ते ठीक, शहाणपणातूनही झालास काय?

आता सलाम. प्रभूच्या कृपेने इथे सगळी धडधाकट. माझा गुडघा कुरकुरतो, पण आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुरकुरणारे इतके आहेत की त्याचं वेगळं काय सांगू. तुझं पोट साफ होतं का? तुझ्या रंभाला आशीर्वाद.

तर झालं ते ऐक. स्वयंपाकाला धान्य काढलं की त्यातली एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची, ही चाल आम्ही तुमच्या नगरकडून इथे आणली. दर शनिवारी घरोघर जाऊन ते डबे पिशवीत रिकामे करायचं काम चार वर्षं माझ्याकडे होतं. (मला कुणी नेमलं नव्हतं. मीच उठले.) ज्याच्या घरी चूल अडली त्याच्या घरी ती पिशवी मी पोचवायची, असं जुन्या पाळकांनी ठरवून दिलेलं. सध्या ते घर आमच्या मंडळीतल्या भगवंताचं. तो कामाला जायचा त्या कारखान्याला तीन महिने टाळं आहे, खाणारी तोंडं पाच.

नागोराव म्हणजे आमच्या पंचकमिटीचा नवा सेक्रेटरी. दुसऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर, आणि रविवारीही तो कारखान्यातच असल्यासारखा उभा राहतो. त्याची बायको हंसा. त्यांच्या घरचा देवाचा डबा ओळीने तीन शनिवार रिकामा. चौथ्या शनिवारी गेले तर दाराला कडी नाही, हंसा नळावर. दोन हाका मारल्या, ओ नाही. देवाचं काम काय पाणी भरून होईपर्यंत थांबतं? मी आत गेले, तांदळाचा डबा उघडला आणि चुकलेल्या मुठी एकदम काढून घेतल्या. आता माझी मूठ आहे मोठी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेला हात, तो काही हंसाच्या बांगड्या भरायच्या हातासारखा नाही. डब्याचा तळ लागला त्याला मी काय करू?

तो निघाला बासमती. नागोरावाचे साहेब त्या दिवशी जेवायला यायचे होते. साहेबाला म्हणे कोंबडीबरोबर पाव खावा लागला. (मला कुठला बासमती कळायला? मी बाजरीवर वाढलेली.)

रविवारी भक्ती संपली तरी कुणाला उठू दिलं नाही. आम्ही शाळेच्या वर्गात भरतो, पोरांच्या बाकांवर, त्यामुळे नागोराव फळ्यापुढे मास्तरासारखा उभा. "रखमाबाई, न विचारता दुसऱ्याच्या डब्यात हात घालणं याला काय म्हणतात?"

मी म्हटलं, "तुझ्या घरी याला उपास सोडवणं म्हणतात. देवाचा डबा तीन आठवडे उपाशी होता."

मागच्या बाकावरच्या बाया हसल्या, तेच त्याला लागलं. पिशवी काढून घेतली, हंसाला दिली. मी लेखी क्षमा मागेपर्यंत मला कसलंच काम नाही, बाक पुसायचंही नाही. आणि यापुढे धान्य भगवंताकडे जायचं नाही, सुगीच्या उपकारस्तुतीच्या सणाला त्याचा लिलाव करून लाऊडस्पीकर घ्यायचा. चाळीस माणसं, त्यातली दहा रात्रपाळी करून आलेली, बाकावर डोकं टेकून घोरणारी. देव बहिरा आहे असं या नागोरावाला कुणी सांगितलं?

मी क्षमा मागणार नाही. काल पिठाची गोणी धुऊन तिची नवी पिशवी शिवली आणि आज तीच घेऊन फिरले. चार बायांनी धान्य घातलं. बाकीच्या दारातूनच म्हणाल्या, "आजी, आमचे हे कमिटीला घाबरतात." घाबरोत. पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार. ढकलून काढलं तरी जाणार.

तुझी थोरली बहीण,
रखमा

ता. क. डब्यावर हंसाने कागद चिकटवून "साहेबांसाठी" लिहिलं होतं. बायबल वाचण्याइतकी अक्षरं मला येतात, तेव्हा तेही वाचलं. आणि तो तांदूळ मी पिशवीत मिसळलाच नाही, सरळ भगवंताच्या घरी दिला. त्याची धाकटी भाताचा वास घेऊन विचारत होती, कुणाचं लग्न आहे? आता परत मागायला नागोरावाने तिच्या पोटात हात घालावा.

आणखी एक. चार बायांच्या धान्यावर पाच तोंडं तीन दिवससुद्धा निघत नाहीत. म्हणून हे पत्र. बाजरीचं एक पोतं कल्याणच्या एस.टी.वर टाकून दे, तिथून माझा लेक आणेल. मंडळीच्या नावाने नको, माझ्या नावाने. हो की नाही ते तू लिहायचं नाहीस, तू आधी प्रार्थना करून बघतो म्हणशील. उत्तर रंभाने लिहायचं. कणगीत हात ती घालते, तू नुसता जेवतोस.