जाळीतल्या चिंध्या

बाबा, मी तिसरीपर्यंत शिकली, त्यातली अर्धी शाळा तर लहान बहिणीले कडेवर घेऊन बाहेरच उभी राहण्यात गेली. म्हणून अक्षरं वाकडी येतील. पण तुम्हाले सांगतल्याशिवाय घास उतरत नाही. माही नात, तुमची पणती, विलायतेत शिकून राहिली. मशीनचं शिकते. आपल्या घरातली पोरगी विमानात बसली, बाबा! मी गल्लीभर संत्र्याची बर्फी वाटली. शेजारीण विचारे, "काहून वं, एवढी पोर दूर धाडली?" मी म्हटलं, "तुही पोरगी वर्धेले गेली तरी तू रडली होती, तू चूप राय." पण आतून मलेच धाक होता. तिथं म्हणे बर्फ पडते. निघताना मी तिले जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचं गाठोडं दिलं अन् बजावलं, "गार वारा अंगाले लागू देऊ नको. फटी बुजवून झोपत जाय."

मागच्या महिन्यात एका दुपारी तिचं पत्र आलं. एकेक अक्षर लावत मीच आधी वाचलं. खोलीत गॅसची शिगडी आहे, वर भिंतीत जाळी आहे, तिच्यातून वारा येते म्हणून चिंध्या कोंबल्या. अन् खाली लिहिते, सकाळी डोकं जड राहते, मळमळते, बाहेर गेलं का बरं वाटते, अभ्यासाचा शीण असन.

बाबा, ते वाचलं अन् मी पुन्हा लहान झाली. मनानं कन्हानच्या खाणीजवळच्या आपल्या खोलीत जाऊन पोचली. थंडीचे दिवस आहेत, माय बाजारात गेली आहे, लहानी कुडकुडते. मी कोळशाची पेटती शिगडी आत ओढतो, दार लावतो, दाराखालच्या फटीत फडकं कोंबतो. मग डोकं जड, लहानी ओकते, अन् मले नुसती झोप. तुम्ही पाळी संपवून येता, लाथेनं दार उघडता, आम्हाले ओढत अंगणात टाकता अन् माह्या गालावर अशी वाजवता का कान गुंगतो. तुम्ही ओरडून राहिले, "कोळशाच्या वायूले वास नसते! खाणीत दोघं असेच बसल्या बसल्या गेले!" मले मार तेवढा ध्यानात राहिला, कारण विसरली. किती वर्षं, तुम्ही वारले तोवर, तुमच्यावर रुसून होती मी. लग्नात पाया पडली ते बी वरवर.

पोराले म्हटलं, आत्ताच्या आत्ता तार कर. तो हसे, "माय, ते विलायत आहे, तुह्या कन्हानची खोली नाही." मी म्हटलं, "अबे, हवा सगळीकडं एकच. तू नाही गेला तर मी पायी जातो." मग मले घेऊन गेला. तारेत लिहवलं, चिंध्या काढ, खिडकी उघड, शिगडी लावू नको. तारवाला विचारे, "आजीबाई, हे कोणतं गुप्त काम?" पत्र यायले किती दिवस लागतात तुम्हाले काय सांगू. तेवढे दिवस मी फक्त पोस्टमनची सायकल पाहिली. माह्या ताटातली भाकर शेजारणीच्या कुत्र्यानं खाल्ली.

आज पत्र आलं. ठीक आहे पोरगी! शिगडी पाहायले माणूस आला होता, धुराडं तुंबून वायू खोलीतच भरत होता म्हणे. आणखी थोडे दिवस तशीच झोपली असती तर उठली नसती, म्हणे. पोरानं सगळ्या गल्लीत वाचून दाखवलं. शेजारीण म्हणे, "बाप्पा, आजीचं डोकं डॉक्टरचं आहे." मी खुशीनं पुन्हा बर्फी आणवली.

पण पत्रात पोरीनं लिहिलं, "मीच वेडी, जाळीत चिंध्या कोंबल्या." कोणाच्या चिंध्या, कोणी सांगतलं होतं, ते तिनं लिहिलं नाही. माह्यासाठी झाकलं तिनं. तुम्हाले लिहिलेलं हे पत्र मी घरी उरलेल्या चिंध्यांच्या गाठोड्यात घालून ठेवतो. सगळे म्हणतात, आजीनं पोरीले वाचवलं. मी मान हलवतो, बर्फी खातो, अन् कोणाले काही सांगत नाही.