त्रेचाळिसावी नोटीस

४ जुलै

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

पोटदुखी कशी आहे? बाहेरचं खाणं कमी कर, सांगून सांगून माझं तोंड दुखलं. दवाखान्यांच्या कॉम्प्युटरना कुलपं करून देणारी बाई भावाला कागदावर पत्र लिहिते म्हणून माझ्या ऑफिसातले पाचही जण हसतात. हसू देत. सवय आहे आपल्या घराची.

परवा एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. इंटरनेट सुरक्षेची कंपनी म्हणे! पत्ता शोधत गेले. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एक पाटी आणि कुंडीत प्लॅस्टिकचं झाड. त्यावरही धूळ. ही माणसं काही बनवत नाहीत, नुसती पेटंटं विकत घेतात आणि कामं करणाऱ्यांवर दावे ठोकतात. आमचं ‘दुसरं दार’ म्हणे त्यांच्या मालकीचं. अनोळखी कॉम्प्युटरवरून कुणी शिरू लागलं, तर ओळखीच्या फोनवरून होकार आल्याशिवाय आत घ्यायचं नाही, ती युक्ती. मागतात तेवढे पैसे दिले तर पाचही जणांना घरी बसवावं लागेल.

पेटंट काढून पाहिलं, तर शोध लावणारा म्हणून तुझं नाव. दातांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसायची तेव्हा हे सुचलं होतं, ओट्याशी उभी राहून तुला सांगितलं होतं. तू स्वतःचं नाव लावलंस, मी म्हटलं जाऊ दे, घरातच आहे. मग ते या लोकांच्या हातात कसं गेलं रे? त्यांना नोटीस मागे घ्यायला सांग.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई

११ जुलै

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

पोट बरं आहे. तुला सांगायचं राहून गेलं. पेटंट मी सहा वर्षांपूर्वीच विकलं आणि गेल्या वर्षापासून त्याच कंपनीत नोकरीला आहे. आमच्याकडे नावं कळत नाहीत, नुसते नंबर येतात. लोकांचं काम उघडून पाहायचं, पेटंटशी जुळतं तिथे खूण करायची. त्रेचाळीस नंबरचं काम इतकं नीटनेटकं होतं, की मी साहेबांजवळ कौतुकही केलं. ते तुझं निघालं! खूण मात्र करावीच लागली, जुळतच होतं ना.

मनाला लावून घेऊ नकोस. सगळेच तडजोड करतात, वकील त्याहून महाग पडतो. तुझी रक्कम अर्ध्यावर आणतो, साहेब माझं ऐकतात.

आणखी एक. माझी जुनी पत्रं त्या पत्र्याच्या डब्यात असतील तर जाळून टाक. उगाच वाळवी लागते.

आशीर्वाद असू दे.
तुझा भुंग्या

१९ जुलै

चि. भुंग्यास,
आशीर्वाद. सवयीने लिहून गेले.

वाळवीची इतकी काळजी तुला कधीपासून? मला तर डब्याची आठवणही नव्हती. तूच करून दिलीस, म्हणून उघडला. नऊ वर्षांपूर्वीचं तुझं पत्र निघालं. ‘तुझी दुसऱ्या दाराची युक्ती पेटंटच्या अर्जात घातली, नाव माझंच टाकलं, ताई रागावू नकोस,’ असं स्वच्छ लिहिलंयस. खाली तारीख, सही.

काल तुझे साहेब स्वतः आले. त्यांनी चहाला हात लावला नाही, पेन मात्र आधी काढलं. म्हणाले, तुमच्यापुरता दावा सोडून देतो, फक्त तोंड बंद ठेवण्याच्या कागदावर सही करा. मला शिसारी आली. त्यांची आलीच, पण जास्त तुझी. माझं काम ओळखीचं वाटलं नाही तुला? कौतुक केलंस आणि खूण केलीस! शी! माझ्याआधी बेचाळीस जणांना भरडलंत, आणि मी अर्ध्यावर खूश व्हायचं?

सही केली नाही. तुझी दोन्ही पत्रं वकिलाकडे दिली आहेत, जुनं आणि हे जाळायला सांगणारं. ते म्हणतात, शोध तुझा नव्हताच हे ठरलं तर पेटंट गेलं, आणि सगळे दावेही गेले. पुढच्या महिन्यात तुला शपथेवर विचारतील. खरं सांग, अजून वेळ आहे.

‘अक्षर माझं नाही’ असं म्हणू नकोस मात्र. ते ओळखायला मलाच उभं करतील. शाळेत जायच्या आधी तुझा हात हातात घेऊन ते अक्षर मीच गिरवून घेतलंय, आणि मी ओळखेन.

मायेचं आता तुझं तू बघ.
ताई