स्क्रीनला डोंगर कळत नाही

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लिहीन लिहीन म्हणत ही वही नुसती पिशवीतून फिरवतेय. आज नको, उद्या बसू – शेवटी पेनच वाळलं! हे मावशीचं पेन आहे. चोरलेलं नाही, उचललेलं.

तर मी मावशीकडे आहे. दोन दिवसांसाठी आले होते, अजून हललेली नाही. माझ्या मानाने विक्रमच. मावशी टॅक्सी चालवते आणि मी शेजारच्या सीटवर बसून हिंडते. म्हणते, ‘पायाला भिंगरी लागलेल्यांनी टॅक्सीतच राहावं. निदान चपला झिजत नाहीत.’

आज स्टँडवर काय पाहिलं! चारचा चहा झाला आणि एकेका ड्रायव्हरने खिशातून मोजा काढून समोरच्या जीपीएसच्या स्क्रीनवर चढवला. खरंच मोजा, पायातला! मिशीवाल्याचा लाल, टाचेला भोक. मला वाटलं, गाडीला दृष्ट लागू नये म्हणून असेल. मावशीला विचारलं तर म्हणाली, ‘अगं, आता डोळे फुटायची वेळ झाली.’

दूध उतू जातंय. पळते!

बुधवार, ५ नोव्हेंबर

मोज्याचं कोडं सुटलं. जीपीएसची स्क्रीन दिवसा पांढरी असते आणि रात्री आपोआप काळी होते. पण इथे अंधार पडून गेला तरी ही आपली पांढरीच! काळोखात कुणी तोंडावर टॉर्च धरावा तशी. हाताने बदलता येते, पण वळणावर स्टिअरिंग सोडून चार ठिकाणी टोचत कोण बसणार? मावशीने एकदा कायमची काळी करून पाहिली. ‘भर उन्हात त्यात रस्ता दिसेना. माझंच नाक दिसायचं, तेही मोठं.’

म्हणून मोजा. पण मोजा घातला की रस्ता कुणाला विचारायचा? गाव तिला तोंडपाठ आहे, पण वर उतारावर रोज नवी घरं उगवतायत, सगळी एकसारखी. मागच्या महिन्यात याच मोज्यापायी वळण चुकलं आणि चाक गटारात! लागलं कुणालाच नाही. पण ही बातमी दादाला, म्हणजे मावशीच्या शहरातल्या मुलाला, कळलीच.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दादाचा फोन. मावशीने स्पीकरवर टाकला आणि भाजी चिरत राहिली.

‘आई, सोळा तारखेला, रविवारी, एक गिऱ्हाईक घेऊन येतोय. गाडी विकून टाकू.’

‘विक की. मलाही त्याच भावात देऊन टाक. डिकीत बसेन.’

‘थट्टा नको, आई. संध्याकाळचं तुला दिसत नाही.’

‘दिसत नाही कसलं! नको तेवढं दिसतंय, तीच तर बोंब आहे!’

दादा म्हणाला, बघू. त्याचं ‘बघू’ म्हणजे ठरलेलंच. फोन ठेवल्यावर मावशीने मला विचारलं, ‘भाजी बारीक झाली का गं?’ बारीक कसली – पार भुगा झाला होता. चिरताना तिचं लक्षच नव्हतं. त्या गाडीशिवाय ती दिवसभर घरात बसलीय, हे चित्र डोळ्यांसमोर येईचना.

काहीतरी करायला हवं. काय, ते सुचेना. म्हणून फिरायला गेले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं!

एका कुत्र्याच्या मागे मागे निघाले होते. (काय देखणा! एक कान उभा, एक झोपलेला.) तो डोंगर चढायला लागला, मीही चढले. कुत्रा कुठे गेला कुणास ठाऊक, पण माथ्यावर पोचले तर – ऊन! लख्ख, पिवळंधमक! आणि खाली गावात दिवे लागलेले!

तिथूनच फोन लावला.

‘मावशी, इथे ऊन आहे!’

‘इथे मी दिवे लावून बसलेय. कुठे कडमडलीस?’

‘डोंगरावर! अगं, स्क्रीनला डोंगर कळत नाही!’

‘तुला तरी काय कळतंय? काळोख व्हायच्या आत खाली ये.’

पण बरोबर आहे ना माझं? ते यंत्र तारीख आणि जागा बघून सूर्यास्ताची वेळ काढतं. हिशेब चोख. पण मध्ये एवढा थोरला डोंगर आडवा पडलाय, सूर्य बुडायच्या कितीतरी आधीच त्याच्याआड जातो – हे त्याला सांगितलंय कुणी? ते बिचारं आभाळावर विश्वास ठेवून बसलंय.

रविवार, ९ नोव्हेंबर

स्टँडसमोरच्या वायरिंगवाल्याला उठवला. दुकान बंद होतं, पण तो आतच झोपलेला असतो. डोळे चोळत म्हणाला, यंत्रामागे एक जादा वायर असते. ती हेडलाइटला जोडली की दिवे लावताच स्क्रीन काळी.

‘मग जोडली का नाहीत?’

‘कुणी मागितलीच नाही.’

मावशीच्या गाडीत ती वायर चिकटपट्टीत गुंडाळून निवांत पडली होती. जोडली! दिवे लावले – स्क्रीन काळी. बंद केले – पांढरी. लाव, बंद, लाव, बंद! आम्ही दोघी कितीतरी वेळ तेच करत होतो.

मिशीवाला ओरडला, ‘मावशी, बॅटरी उतरेल!’

‘उतरू दे. धक्का मारायला तू आहेस की!’

सोमवार, १० नोव्हेंबर

फजिती. आमच्या घाटात दिवसासुद्धा हेडलाइट लावायचे असा नियम आहे. वर चढताना मावशीने दिवे लावले आणि भर दुपारी स्क्रीन ठार काळी! नाक परत आलं! मागचा प्रवासी विचारतोय, ‘रस्ता माहीत आहे ना, बाई?’

घाटाच्या पायथ्याशी राहून आम्ही घाटच विसरलो. मी विसरले तर ठीक, मी परकी. पण मावशी? आणि वायरिंगवाला?

वायर काढली. मोजा पुन्हा चढला – या वेळी माझा, कारण मावशीचा फाटला.

मला एकदम पळून जावंसं वाटलं. पिशवी भरायलाही घेतली. पण मोजा एकच सापडला, दुसरा स्क्रीनवर! एका मोज्यावर कुठे जाणार? राहिले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मावशी गाडी धुतेय. कालही धुतली. गिऱ्हाइकासाठी की निरोपासाठी – विचारायचा धीर झाला नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पाटी! टपावरची ‘टॅक्सी’ पाटी!

स्टँडच्या कठड्यावर पाय हलवत बसले होते. अंधारून आलं तशा एकेका टपावरच्या पाट्या उजळल्या. लोकांना गाडी दिसावी म्हणून अंधार पडताच लावतात. घाटात दिवसा हेडलाइट असतात, पण पाटी? कध्धी नाही!

तशीच धावत वायरिंगवाल्याकडे.

‘वायर पाटीला जोडा.’

‘पाटीला?’ त्याने टेस्टरने डोकं खाजवलं. ‘पाटीला!’ आणि हातातला चहा तसाच टाकून उठला.

पाटी लावली. स्क्रीन काळी झाली, मऊ काळी, आणि त्यात निळसर रस्ता. मग हेडलाइट लावून, पाटी बंद करून पाहिली – पांढरी! म्हणजे घाटातही चालणार! लगेच वरच्या नव्या घरांपर्यंत एक चक्कर मारली. मावशी स्टिअरिंगवर पुढे वाकून बघत होती. मग हळूच म्हणाली, ‘अगं... वळणाच्या पलीकडचं दिसतंय मला.’ येताना सगळ्या वाटेवर गात होती. इतकं बेसूर की एका सायकलवाल्याने वळून पाहिलं!

मी म्हटलं, दादाला फोन कर.

‘सांगून पटलं तर तो माझा मुलगा कसला?’

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दारात हॉर्न. मावशी स्टेशनवरून आली, टपावर पाटी उजळलेली. मागून प्रवासी उतरला – टोपी, मफलर, नुसते डोळे दिसतायत. मफलर सोडला तर दादा! दोन दिवस आधी, एकटाच! आईची परीक्षा घ्यायला म्हणून गपचूप बसला होता. मावशी म्हणते, दार लावलं तेव्हाच ओळखला – लहानपणापासून असंच आपटतो. म्हणून मुद्दाम वरच्या घरांवरून फिरवून आणला आणि भाडंही पुरतं घेतलं! आत्ता तो अंगणात उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगतोय, ‘नाही हो, रविवारी येऊ नका. आई गाडी चालवतेय.’