दफनाच्या दिवशी घर राखणारा

१२ मार्च, मंगळवार
आज सकाळी आमच्या चर्चमधल्या बर्लला पुरत होते तेव्हा मी त्याच्या घरात बसलो होतो. पेपरात निधनाची बातमी आली की चोरांना वेळ कळते. सगळे चर्चमध्ये असताना ते येतात आणि मेलेल्या माणसाच्या दुखण्यावरच्या, अफूच्या जातीच्या गोळ्या नेतात. म्हणून आमच्या चर्चने एक विश्वासू माणूस घरात बसवायची पद्धत पाडली आहे. गेली चार वर्षं तो माणूस मी.
चोर आला नाही. बर्लची गोळ्यांची बाटली मी सुरक्षिततेसाठी खिशात ठेवली. त्याचं ऑक्सिजनचं यंत्र कोणी बंद केलं नव्हतं. रिकाम्या खुर्चीशेजारी ते श्वास घेत होतं. मलाही बंद करवलं नाही.
बर्लची बायको ओमावहिनी दफनाहून परत आली. म्हणाली, डेलमरभाऊजी, तुम्ही होतात म्हणून निर्धास्त होते. केक बांधून दिला. बाटलीचं तिने विचारलं नाही. तिच्या दुःखात मी कशाला विषय काढू?

१५ मार्च
खाणीचं छत पाठीवर आलं त्याला सहा वर्षं झाली. गोळ्या डॉक्टरने सुरू केल्या, मी मागितल्या नव्हत्या. आता तो देत नाही. म्हणजे औषध चालूच आहे, फक्त मधला डॉक्टर गेला.
ठराव: सोमवारपासून अर्धी.

१८ मार्च, सोमवार
अर्धी घेतली. उरलेली अर्धी टेबलावर बरी दिसेना.

२३ मार्च
पूर्ण बंद. प्रार्थना आणि सूप, एवढंच. दुपारपर्यंत घाम, जुलाब, पाय जागेवर राहीनात. भिंतीपलीकडून बर्लच्या यंत्राचा श्वास ऐकू येतो. आमच्या घरात असलं यंत्र नाही. बायकोला, ग्लेनाला, फ्लू म्हणून सांगितलं. ती म्हणाली, तुझा फ्लूही अजबच, कुणाचं दफन झालं की उतरतो. आजारी माणसाशी बोलायची ही रीत नव्हे.
संध्याकाळी एक घेतली. अशक्तपणा फार होता.

२६ मार्च
ग्लेनाने व्यसन सोडवणाऱ्या क्लिनिकचा कागद माझ्या बायबलवर आणून ठेवला. वाटा तीन. आठवडाभर दवाखान्यात राहून सोडायचं, रोज जाऊन तलफ शमवणारं मेथाडोन प्यायचं, नाहीतर जिभेखाली विरघळणारं औषध. एस्टिल पाद्री जेवायला होते. एका ओळखीच्या माणसासाठी म्हणून त्यांना विचारलं: एक काठी टाकून दुसरी धरण्यात कसली श्रद्धा? ते म्हणाले, त्या माणसाला सांग, लंगड्याने काठी घेतली म्हणून देव रुसत नाही.
ग्लेना माझ्याकडे बघत राहिली. त्या माणसाला नक्की सांगेन.

३ एप्रिल
ओढ्यापलीकडची व्हर्डी मावशी शेवटच्या घटका मोजते आहे. एस्टिल म्हणाले, दफनाला घर तूच सांभाळ. बर्लची बाटली तळाला आली आहे. मावशीच्या उशाशी दोन आहेत.
तिची लवकर सुटका व्हावी म्हणून गुडघे टेकून प्रार्थना केली. इतकी मनापासून बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

५ एप्रिल
व्हर्डी मावशी उठून बसली. अंडी मागितली. मला बघून म्हणाली, काय रे डेलमर, तोंड का पडलं? मी मेले नाही म्हणून? सगळे हसले. मीही हसलो.
गाडीत बसल्यावर कळलं. मी तिच्या मरणासाठी प्रार्थना केली होती.

८ एप्रिल
एस्टिलना म्हणालो, घर राखायला दुसरा बघा. का, म्हणाले. सांगितलं. मग ओमावहिनीकडे गेलो, तिलाही सांगितलं. ती दार धरून उभी राहिली. म्हणाली, बाटली गेल्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं. वाटलं, चोर येऊन गेला आणि तुम्हाला पत्ता लागला नाही. लोकांनी तुम्हाला नावं ठेवू नयेत म्हणून मी कुठे बोलले नाही.

९ एप्रिल
क्लिनिक. नर्सने विचारलं, शेवटची गोळी कधी? म्हणालो, आज सकाळी, इथे यायला धीर यावा म्हणून. ती म्हणाली, मग घरी जा. गोळी अंगात असताना जिभेखालचं औषध दिलं तर जीव नकोसा होईल. थरथर सुटली की या.
घरी ग्लेनाने गाडी चालवली.

१० एप्रिल, सकाळी ८
थरथर सुटली. आलो. औषध जिभेखाली ठेवलं. विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही, असं नर्सने बजावलं. ग्लेना माझ्या हातांकडे बघत होती. थरथर खोलीतल्या गारठ्याची आहे, असं तिला सांगायचं होतं.
तोंड बंद ठेवलं.