ईशुन मास्तरांना रडवणारं यंत्र

चिरंजीव एकाऊ,

सॉल्टपॉन्डहून तुझ्या ईबोमामाचे आशीर्वाद. हॅम्बुर्गच्या थंडीत तू, तुझी बायको आणि बाळ सुखात आहात असं मी धरून चालतो, कारण स्वतःविषयी तू कधी काही लिहीतच नाहीस. मागच्या पत्रात पहिल्याच ओळीत "मामा, यंत्र कसं आहे?" असं विचारलंस आणि माझ्या गुडघ्याची चौकशी पाकिटाच्या वरच्या कोपऱ्यात केलीस. (तीही अर्धी तिकिटाखाली दबली होती. पोस्टातल्या बाईंनी उजेडात धरून वाचून दाखवली.) असो. गुडघा आहे तिथेच आहे. तुझी आई बरी आहे, तिचा केंकीचे उंडे विकायचा धंदा ठीक चालला आहे. फक्त हल्ली मक्याचं पीठ मळताना तिला धाप लागते आणि माझ्याशी भांडताना लागत नाही. असं का होतं ते डॉक्टरलाही सांगता आलेलं नाही.

आता यंत्राविषयी. एकाऊ, तुझं हे गिटारचा आवाज मोठा करायचं यंत्र तू येऊन घेऊन जा. मी थकलो. तू ते बोटीने पाठवलंस तेव्हा म्हणालास, नाताळात येईन, बँड काढीन, तोवर फक्त सांभाळा. मला वाटलं, सांभाळायचं म्हणजे कोपऱ्यात ठेवायचं. मी जन्मभर शिंपीकाम केलं. माझं शिवणयंत्र अजून कोपऱ्यात आहे, आठवण झाली तर थेंबभर तेल देतो, त्याने कधी तक्रार केली नाही. मग तुझा फोन आला आणि तू नियम सांगत सुटलास. पहिलं बटण दाबायचं आणि गप्प बसायचं, कारण आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. त्यांच्यातली तार लाल दिसू लागली की मगच दुसरं बटण. स्पीकरची वायर लागलेली नसताना दुसरं बटण दाबलं तर आतला मोठा ट्रान्सफॉर्मर जळालाच म्हणून समजायचं. मागची बाजू उघडी ठेवायची, वर काही पांघरायचं नाही, गरम असताना जागचं हलवायचं नाही, आणि आत बोट घालायचं नाही, कारण प्लग काढल्यावरही वीज आत दबा धरून बसलेली असते. एवढं करून ते नुसतं ठेवायचंही नाही. अधूनमधून चालू करून तापवायचं, नाहीतर म्हणे पडून पडून बिघडतं. (पडून राहण्याची मुभा या घरात तेवढी त्या यंत्रालाच होती, तीही तू काढून घेतलीस.)

तरी मी सगळं केलं. दर रविवारी चर्चहून आलो की अंगावरचे चांगले कपडे न उतरवता मी त्याच्या मागे जाऊन बसतो आणि व्हॉल्व्ह लाल होताना बघतो. समुद्राचा खारा वारा व्हॉल्व्हच्या पायांना गंज आणतो म्हणून खिडकी लावून घेतो. खिडकी लावली की यंत्राला बरं वाटतं आणि मी गुदमरतो. तुझ्या आईला हे यंत्र उघडं दिसलेलं चालत नाही. मुलाने एवढं परदेशातून पाठवलं आणि आईकडे वर घालायला चिंधी नाही असं लोक म्हणतील म्हणून तिने त्याच्यावर आपला लेसचा रुमाल घातला, तो सरळ पाठीमागे लोंबेल असा. त्या रुमालाचा मधला भाग आता भाजलेल्या केळ्याच्या रंगाचा झाला आहे. मी नियम सांगितला तर म्हणाली, "तापट आहे ते. तुझ्या भाच्याच्या बापाच्या घराण्यावर गेलंय." तुझ्या बापाच्या घराण्याबद्दल मी काही बोलत नाही, मला त्यांच्याकडे अजून दोन लग्नांना जायचं आहे.

पण खरं संकट ईसीमावशी गेल्या तेव्हा आलं. त्या गेल्याचं तुला कळलंच असेल. आपल्या कुळातली सगळ्यांत म्हातारी बाई, त्यामुळे क्रियाकर्म थाटात होणार हे ठरलेलंच होतं. मांडव आला, खुर्च्या आल्या, काळी-लाल वस्त्रं शिवून झाली (माझ्याकडे कुणी शिवायला टाकली नाहीत, तेही लक्षात ठेवलं आहे), आणि ऐन वेळी लाउडस्पीकरवाल्याचा निरोप आला की त्याचं सामान बिघडलंय. आता लाउडस्पीकर नाही तर कुणी काय दिलं ते पुकारणार कसं? आणि पुकारणार नसतील तर देणार कोण? तेव्हा आपले कुलप्रमुख नाना टाविया काठी टेकत घरी आले. खुर्चीत बसले, पाणी प्याले, मी रीतीप्रमाणे येण्याचं कारण विचारलं, तेव्हा त्यांनीच मला उलट प्रश्न केला.

"ते यंत्र कुणाचं?"

"एकाऊचं."

"एकाऊ कुणाचा?"

"माझ्या बहिणीचा, अराबाचा."

"अराबा कुणाची?"

"आपल्या कुळाची, नाना."

"मग?"

या "मग"वर तू हॅम्बुर्गमध्ये बसून काहीतरी उत्तर देऊ शकला असतास. मी त्यांच्या काठीच्या टप्प्यात उभा होतो. मी एवढंच म्हणालो की ते गिटारसाठी असतं, बोलण्यासाठी नसतं. त्यावर ते म्हणाले की ईसीने आयुष्यभर गिटारपेक्षा बोलणंच जास्त ऐकवलं, तेव्हा तिला चालेल.

टॅक्सीत यंत्र पुढच्या सीटवर बसलं, पाठीला अराबाची उशी. मी मागे, एका बाजूला अराबा, दुसऱ्या बाजूला तिची सुक्या माशांची टोपली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यावर आतले व्हॉल्व्ह किणकिण वाजायचे आणि माझे दात त्यांना साथ करायचे. ड्रायव्हरला मी हळू चालव म्हटलं तर त्याने विचारलं, आजोबा, आत कोण आजारी आहे? मांडवात पोचल्यावर आधी पाठीमागे वाकून बघितलं, तर स्पीकरची वायर खरंच निसटलेली. ती मी लावली म्हणून तुझा ट्रान्सफॉर्मर आज जिवंत आहे. हे तुझ्या होणाऱ्या बँडमधल्या पोरांना सांग.

पहिलं बटण दाबलं आणि थांबलो. चारशे माणसं बसलेली आणि मी एका पेटीमागे वाकून काहीच करत नाही, हे नानांना सहन होईना. तेव्हा मी त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं की, नाना, दारात आलेल्या पाहुण्याला आपण लगेच काम विचारतो का? बसू देतो, पाणी देतो. हे पण पाहुणं आहे, त्याला जरा बसू द्या. नानांना हे एकदम पटलं. इतकं पटलं की पूर्वजांच्या नावाने जमिनीवर ओतायला आणलेली जिनची बाटली त्यांनी तिथल्या तिथे उघडली आणि पहिली धार पाहुण्याच्या समोरच सोडायला निघाले. मी यंत्रावर छत्री धरली. (धार माझ्या बुटांवर पडली. पूर्वजांनी ती माझ्या बुटातून घेतली असावी, कारण पुढे जे झालं ते त्यांच्याशिवाय शक्य नाही.)

नावं पुकारायला ईशुन मास्तर. शाळेतून निवृत्त झाले तरी कुणाच्याही क्रियाकर्मात नावं तेच वाचतात, आणि वाचतात तेही वर्गात हजेरी घेतल्यासारखी. त्यातून ईसीमावशीशी त्यांचं कुंपणावरच्या दोन नारळींवरून कैक वर्षांचं भांडण. नारळ पडला की आधी दोघंही धावायची आणि मग पंचायत. लोक कुजबुजत होते की मास्तर आज सूड घेतल्यासारखे वाचणार. लाउडस्पीकरवाल्याचा माइक तेवढा शाबूत होता, तो मी यंत्राला जोडला आणि दुसरं बटण दाबलं. मास्तर माइकसमोर आले, चष्मा चढवला आणि पहिलं नाव उच्चारलं.

एकाऊ, तो आवाज मास्तरांचा नव्हता. तो थरथरत होता. विहिरीतून आल्यासारखा घुमत होता आणि वर हुंदका दाटल्यासारखा हलत होता. "अ‍ॅनोमाबूचं ओटू कुटुंब, दोन पेट्या पेय" एवढंच साधं वाक्य, पण तेही रडत आल्यासारखं. मला तेव्हाच उमगलं. तुझ्या आईने निघण्यापूर्वी यंत्र लखलखीत दिसावं म्हणून फडक्याने एकेक बटण पुसलं होतं, आणि पुसताना फिरवलं होतं. आवाज घुमवणारं एक बटण आणि थरथरवणारं दुसरं, दोन्ही पार शेवटपर्यंत गेली होती. पण हे मला माहीत, मांडवाला काय माहीत? पुढच्या रांगेत एका म्हातारीने पदर तोंडात धरला. मास्तर रडतायत, अशी वाऱ्यासारखी बातमी पसरली. भांडायचे, पण आतून केवढी माया होती बघा. बायका रडायला लागल्या. मग पुरुष खोकायला लागले. दुसऱ्या नावाला मास्तर मध्येच थांबले, कारण स्वतःचा रडका आवाज त्यांनी स्वतःच ऐकला होता. त्यांनी चष्मा काढला आणि तिसऱ्या नावाला खरोखरच रडू लागले.

मी ते थरथरवणारं बटण उलटं फिरवायला रांगत पुढे गेलो. नानांची काठी माझ्या मनगटावर पडली.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "माणूस मोकळा होतोय."

मग ईसीमावशीच्या मुलीने उठून मास्तरांचा हात धरला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की दोन्ही नारळी तुमच्या. मास्तर म्हणाले, नाही, तुमच्या. तेही थरथरत, माइकमधून. आता त्या नारळी कुणाच्याच नाहीत, नारळ पडून पडून सडतायत आणि दोन्ही घरांतले लोक एकमेकांना वाट देत उभे असतात.

सगळं आवरल्यावर लोक गेले, खुर्च्या गेल्या, मांडव सोडायला माणसं आली. मी हललो नाही, कारण यंत्र तापलेलं होतं. ईशुन मास्तर माझ्याजवळ येऊन बसले. मला वाटलं, माणसाला फसवून ठेवणं बरं नाही, म्हणून सांगून टाकलं की मास्तर, ते तुमचं रडणं नव्हतं, ते बटण होतं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी विज्ञान शिकवायचो." मग चष्मा पुसला. "जानेवारीत माझी बायको गेली, तेव्हा मला रडू आलं नव्हतं, ईबो. लोकांनी नावं ठेवली. ते बटण आहे तिथेच राहू दे."

तेव्हापासून माझ्या आयुष्यात शनिवार उरलेला नाही. मँकेसिमपर्यंत बातमी गेली आहे. कुणी गेलं की लोक आधी यंत्र मागायला येतात आणि मग शवपेटी सांगायला जातात. मास्तर यंत्राशिवाय वाचत नाहीत, यंत्र माझ्याशिवाय जात नाही, आणि मला, तुला माहीत आहे, क्रियाकर्मातलं जेवण पचत नाही. रस्त्यात लोक भेटले की विचारतात, यंत्र बरं आहे ना? तुझ्यासारखेच. अराबाला उशी परत हवी आहे, ती मिळत नाही म्हणून माझ्याशी बोलत नाही, म्हणजे बोलते, पण फक्त उशीविषयी. त्यात गेल्या शनिवारी भर मांडवात दोन मोठ्या व्हॉल्व्हपैकी एकाच्या आतला पत्रा निखाऱ्यासारखा लालभडक झाला. (तार लाल झालेली चालते, पत्रा लाल झाला म्हणजे व्हॉल्व्ह गेलाच.) मी मास्तरांना वाक्यही पुरं करू दिलं नाही, दोन्ही बटणं बंद केली. एका सज्जन कुटुंबाची देणगी अर्धवटच पुकारली गेली आणि ते आता मला ओळख दाखवत नाहीत. सुतारी पेन्सिलीने मी एकेक व्हॉल्व्ह हळूच टोकून बघितला, तू सांगितलंस तसा. एक छोटाही घंटेसारखा वाजतो, म्हणजे तोही बाद. तेव्हा यंत्र सध्या बंद आहे आणि मी लोकांना तोंड दाखवत नाही. म्हणून स्पष्ट लिहितो: मी म्हातारा माणूस, मला हा छळ झेपत नाही. नाताळात ये आणि घेऊन जा.

सुनेला आणि बाळाला माझे आशीर्वाद सांग. बाळाला आपली फॅन्टी भाषा बोलायला शिकव, नाहीतर ते मला जर्मनमध्ये रागावेल आणि मला कळणारही नाही.

तुझा,
ईबोमामा

ता. क. तिकडून कुणी इकडे येत असेल तर त्याच्याबरोबर मोठ्या व्हॉल्व्हची एक जोडी आणि एक छोटा पाठव. जोडी मोजून जुळवलेलीच असू दे. न जुळणारी असली तर एक राबतो आणि दुसरा झोपतो, मग राबणाराही जळतो. शक्यतो पुढच्या आठवड्यात येणारा माणूस बघ.

ता. क. दुसरा. नाताळात अवश्य ये, पण रिकाम्या हाताने परत जा. जानेवारीत ईशुन मास्तरांच्या बायकोचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी नावं ते स्वतः वाचणार आहेत आणि त्यांनी मला आधीच येऊन सांगून ठेवलं आहे. त्यांना मी नाही म्हणू शकत नाही. बँडसाठी तिकडूनच दुसरं यंत्र घेऊन ये, तिकडे ती मिळतात.

ता. क. तिसरा. आणि तू हे यंत्र मला देऊनच का टाकत नाहीस? आपल्यात मामाचं जे असतं ते भाच्याचंच होतं. माझ्या मागे ते रीतीने तुझ्याकडेच येणार, माझ्या मुलांना त्यातला एक स्क्रूसुद्धा मिळणार नाही. म्हणजे तुझं काहीच जात नाही, थोडी वाट तेवढी बघावी लागेल. तुला वाट बघायची नसेल तर तसं स्पष्ट लिही. मी मनाला लावून घेणार नाही, फक्त नाना टावियांना तुझं पत्र वाचून दाखवीन.