अप्पांचं पोट

९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय छोट्या,

मजेत असशील. शाळेतली पोरं अजून तुझं डोकं खातात, की आता तूच त्यांचं खातोस? इकडे आम्हाला नवं ऑपरेशन थिएटर मिळालंय. दिवे झकास, एसी बंद. फोन करत नाही, कारण ‘अप्पा’ म्हटलं की तू ‘नंतर बोलतो’ म्हणून मोकळा होतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

तर अप्पा. मंगळवारी सकाळी कॅज्युअल्टीत आले, टॅक्सीने, एकटेच. पोट लाकडासारखं कडक, नाडी पळतेय, बीपी उतरलेलं. दोन दिवस ‘गॅस’ म्हणून अंगावर काढलं! पेशंटने असं केलं की त्याला फाडून खाणारे सर्जन ते. वर दुखण्याचं इंजेक्शनही घेईनात.

“आधी पोट तपास. दुखणं मारलंस तर निदान चुकेल.”

“अप्पा, ही शिकवण कधीच बदलली.”

“कोणी बदलली? मला नाही विचारलं.”

शेवटी मी पोट तपासलं, आतडं फुटलंय म्हटलं, तेव्हा कुठे दंड पुढे केला. मी थिएटरकडे धावायला निघाले तर माझं मनगट धरलं. “सलाईन, अँटिबायोटिक, लघवीची नळी. लघवी उतरू दे, मग पोट उघड. घाईने नेलेला पेशंट टेबलावरच दगावतो.” तू सर्जरी अर्ध्यावर सोडायच्या आधी आपल्या दोघांना हेच शिकवायचे, आठवतं?

घरच्या माणसावर आपण चाकू धरायचा नाही, हे मलाही कळतं. पण आमचे दुसरे सर्जन बाहेरगावी होते आणि मोठ्या हॉस्पिटलपर्यंतचा प्रवास अप्पांना झेपला नसता. मी घुटमळले, तर म्हणाले, “नातेवाईक बाहेर थांबतात. तू डॉक्टर म्हणून आत ये.”

मी आत गेले. नंतर कपडे बदलायच्या खोलीत मनसोक्त रडले.

ऑपरेशन नीट झालं. आज चहा प्यायले, बेचव आहे म्हणून नर्सला बोलले. एवढंच असतं तर पत्र लिहिलं नसतं. मघापासून टाळतेय ते हे, की आतडं गाठीमुळे फुटलं होतं. गाठ कॅन्सरची आहे आणि लिव्हरपर्यंत गेलीय. फुटलेला भाग काढून मी शौचासाठी पोटावर पिशवी लावलीय.

हे त्यांना कसं सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. शुद्धीवर आल्यावर त्यांचा हात चादरीखाली गेला. पिशवी चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं.

“लिव्हर?”

मी होकारार्थी मान हलवली.

“बरं,” म्हणाले. “पिशवीची जागा चांगली निवडलीस.”

मी उगाच चादर सारखी करत बसले रे.

‘छोट्याला कळवू नकोस, उगाच धावत येईल,’ असं बजावतात. मी विषय काढलेला नसतो, तरी रोज बजावतात. काय ते ओळख.

ये. भांडायचं असेल तर भांडायला ये. तेवढा दम अजून आहे त्यांच्यात. तो किती दिवस राहील, हे दुसऱ्या कुणाच्या वडिलांबद्दल मी सांगितलं असतं. यांच्याबद्दल माझ्याने लिहवत नाही.

तुझी,
आणि अप्पांना न विचारता त्यांच्याही वतीने,
ताई