परत केलेला पेढा

बाबा, आज लंडनमधल्या ऑफिसातून हॅरोला घरी परत येताना गाडीत उभ्या उभ्या तुमचा तो पेढा आठवला. बुद्धपौर्णिमा होती. आई खीर ढवळत होती आणि पोखरणची बातमी ऐकून शेजारचे काका, तुमच्याच शाळेतले मास्तर, पेढ्यांचा पुडा घेऊन थेट आपल्या स्वयंपाकघरात आले. तुम्ही हातातला पेढा पुड्यात परत ठेवलात. "आजच्या दिवशी बॉम्बचा पेढा मला नको. तुम्ही मात्र खीर खाऊन जा." काका वाटीला हात न लावता निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक पेढा खाल्ला असता तर काय बिघडलं असतं, असं मी फणकाऱ्याने विचारलं, तेव्हा तुम्ही मला झापलंत, "मित्राला नाही म्हणता येत नसेल, तर ती मैत्री नाही, चाकरी आहे." उन्हाळा सरायच्या आत काका पुन्हा आपल्याकडे चहाला येऊन बसू लागले, हेही खरं.

आता मी इथल्या एका सरकारी खात्यात निवेदनांचे मसुदे लिहिते. अमेरिकेने पुन्हा अणुचाचण्या करण्याची भाषा केली आणि त्यावर आमच्या सरकारने काय म्हणायचं, ते लिहिणं माझ्याकडे आलं. दिवसभर मित्रदेशांचे फोन चालू असतात. जो तो विचारतो, तुम्ही काय म्हणताय? आतून सगळे हादरलेत, पण आधी तोंड उघडायला कुणी तयार नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, आणि राखणीलाही तेच मांजर हवं.

मी 'तीव्र चिंता' असं लिहिलं होतं. बाहेर पडलेलं निवेदन म्हणतं, 'घडामोडींवर आमचं लक्ष आहे.' लेकीने ते संध्याकाळी मोबाइलवर वाचलं.

"आई, हा स्टेटमेंट तू लिहिला? ह्याच्यात तर काहीच नाही."

मी भाजी परतत राहिले.

"त्यांनी फोर्स केला ना तुला?"

मी मान हलवली. तिला ती होकाराची वाटली, आणि मी वाटू दिली.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठे पाठवणार? आमच्या लिहिण्याने कुठलाही बॉम्ब थांबेल, अशी आशा मला उरलेली नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची होती. 'चिंता' काढायला मला कुणीच सांगितलं नाही, बाबा. साहेबांनी मसुदा उघडायच्या आधीच तो शब्द मी खोडला होता. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, परफेक्ट.